दुधावरून वय

ल्यारी, कराची
३ फेब्रुवारी २००८

प्रिय हम्मल,

सिस्टर अगाथा आम्हाला शिकवायच्या, पत्रात आधी आपली प्रकृती सांगावी, मग दुसऱ्याची विचारावी आणि काही मागायचं असेल तर ते शेवटी मागावं. आज मी उलटं करते. तू माझी पत्रं शेवटपर्यंत वाचतोस की नाही, मला माहीत नाही. म्हणून मागणं आधी. एकदा फोन कर. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल, अब्बांशी बोल.

त्यांचं यकृत गेलं आहे. डॉक्टरने हे माझ्याकडे न बघता सांगितलं, त्यावरूनच मला पुढचं कळलं. पाय सुजतात, डोळे हळदीसारखे झालेत. त्यांना मात्र तो एवढंच म्हणाला, "उस्ताद, तेलकट खाऊ नका." बाहेर आल्यावर मला म्हणतात, "बघ, नुसतं तेल बंद. मी उगाच घाबरलो होतो."

ईदला तू पाठवलेला हलवा पोचला. दरवर्षी तू मस्कतहून हलवा पाठवतोस आणि त्याबरोबर चिठ्ठी नसते. अब्बा एक तुकडा तोंडात टाकतात आणि म्हणतात, "दुकान चांगलं धरलंय त्याने." सोळा वर्षं तुझ्याविषयी ते इतकंच बोलतात.

आता बातमी. लाहोरला चौदा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल स्पर्धा आहे आणि आपल्या भागाचा संघ निवडायला अब्बांना बोलावलंय. कोणी नवा साहेब आलाय. त्याने कचेरीतल्या भिंतीवर रंगूनच्या दौऱ्याचा फोटो पाहिला आणि विचारलं, "हा उजवीकडचा बुटका, हा जिवंत आहे का?" मास्टर इलाहीबख्श धावत आमच्याकडे आले. ते अजून क्लबचे सेक्रेटरी आहेत, अजून तसेच घाम पुसत आणि अब्बांना अदबीने 'वाजा' म्हणत बोलतात. म्हणाले, "वाजा सबझल, साहेबाने तुमचं नाव घेतलं." अब्बांनी विचारलं, "काय म्हणून घेतलं?" "जिवंत आहात का म्हणून." "मग तू काय सांगितलंस?" "बघून येतो म्हणालो."

दोघंही हसले. अब्बांना इतकं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

त्यांनी हिरवा कोट काढायला लावला. बाहीला कसर लागली होती, ती मी रफू केली. आरशात बघत ते म्हणाले, "माहगंज, ढाक्याला हा कोट घालून उतरलो तेव्हा लोक झाडावर चढून बसले होते." मला माहीत आहे. तेव्हा आमचं लग्न ठरलं होतं आणि ढाक्याहून त्यांच्या नावाने येणारी पत्रं संघातला कोणी शिकलेला खेळाडू लिहून द्यायचा. त्या बिचाऱ्याला वाटायचं, मी ती वडिलांकडून वाचून घेत असेन. मी कॉन्व्हेंटमधली मुलगी, त्याच्या चुका लाल शाईने सुधारून परत पाठवायचे.

आणि त्याच माणसाला, ज्या सरकारी खात्याकडून ते खेळायचे त्याने संघातून काढल्यावर दुसऱ्याच दिवशी हातात काठी देऊन गोदामासमोर उभं केलं. कागदावर ते चौकीदार होते ना. इतकी वर्षं खेळत होते तेव्हा कोणाला आठवलं नव्हतं.

जाऊ दे. आज घरात आनंद आहे. तू फोन केलास तर तो पुरा होईल.

तुझी अम्मा


२४ फेब्रुवारी

प्रिय हम्मल,

निवड चालू आहे. मैदानावर एवढी गर्दी मी तुझ्या वेळेनंतर पाहिली नव्हती. बाप पोरांना घेऊन येतात, पोरांच्या ओठांवर ताजा वस्तरा फिरलेला, आणि हातात जन्मदाखला: वय तेरा.

पहिल्याच दिवशी एकाने असा पोरगा पुढे केला. अब्बा खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "हा तेरा वर्षांचा?"

"हो वाजा. अंगाने जरा थोराड आहे."

"याला घोगरा आवाज कधी फुटला, दुधाच्या दातांबरोबर?"

सगळे हसले. तो बाप चिडला. म्हणाला, "वाजा, कोण खरं वय देतं? पंजाबवाले देतात? तुम्ही दिलं होतंत?"

मी बायकांच्या बाजूला, भिंतीशी उभी होते. मला वाटलं, आता अब्बा उठून घरी येतील. ते उठले नाहीत. त्यांनी त्या पोराचा हात धरला, मनगट वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "परदेशात इथल्या हाडाचा फोटो काढून वय ठरवतात. माझ्या हम्मलचा काढला होता. अठराचा होता तो. मी त्याला पंधराचा केला होता. विमानातून परत पाठवला त्याला, आणि पेपरात नाव आलं त्याचं. माझं नाही आलं."

हम्मल, तुझं नाव त्यांनी घेतलं. चारचौघांत, मोठ्याने.

तुला वाटतं त्यांना काही आठवत नाही. आठवतं सगळं. चहाच्या दुकानात तुला पोरं 'आजोबा' म्हणून हाका मारायची ते आठवतं, आणि तू याच मैदानात त्यांना म्हणालास, "तुम्ही मला खेळायला शिकवलंत आणि खेळण्यालायक ठेवलं नाहीत," तेही शब्दाशब्दाने आठवतं. त्यांना त्यात काही चूक वाटलीच नव्हती तेव्हा. त्यांच्याबाबतीतही तेच झालं होतं की. चौदा वर्षांच्या पोराला नोकरी देता येत नव्हती, म्हणून खात्याने त्यांना अठराचं केलं. मग पस्तिशीच्या आत कागदावर म्हातारे झाले आणि संघातून गेले. रात्री जेवताना म्हणाले, "माझी त्यांनी चार वर्षं वाढवली, मी हम्मलची तीन उतरवली. या घरात खरं वय एकट्या तुझं, आणि ते तू कोणाला सांगत नाहीस."

दाखल्यांवर त्यांचा विश्वास नाही. मग खरं वय शोधायचं कसं? त्यांनीच युक्ती काढली. म्हणाले, "बापांना विचारून उपयोग नाही. तू बायकांना विचार, कोण कोणाबरोबर दूध प्यायलंय."

आपल्या गल्लीचं तुला ठाऊकच आहे. एकीचं दूध आटलं की शेजारीण आपलं पोर एका बाजूला आणि तिचं दुसऱ्या बाजूला घेते. एका दुधाच्या पोरांचं लग्न होत नाही, म्हणून कोणी कोणाचं दूध प्यायलं हे इथली बाई मरेपर्यंत विसरत नाही. तू आणि शेजारच्या दुरबीबीची झुबेदा एका दुधाचे, हे ठाऊक नसलेल्या तुझ्या मावशीने तिच्याशी तुझं लग्न सुचवलं तेव्हा दुरबीबी चप्पल घेऊन आली होती!

तर मी घरोघर जाते, चहा पिते, गप्पा मारते. पोराची दूधबहीण सापडली की वय सापडतं. एका तेरा वर्षांच्या मुलाची दूधबहीण निघाली दोन मुलांची आई. अब्बांना सांगितलं तर इतके हसले की पोट धरून बसावं लागलं. नंतर ते दुखतच राहिलं.

फोनची वाट बघते.

अम्मा


१९ मार्च

प्रिय हम्मल,

गल्लीत गोळीबार चालू होता, टपाल बंद होतं, म्हणून उशीर झाला. फोन मात्र चालू होते.

संघ जाऊन आला. अब्बांनी खरोखरच खऱ्या वयाची पोरं निवडली. उंदरांसारखी दिसत होती बिचारी, कपडे गुडघ्याखाली लोंबत होते. लाहोरला समोरच्या संघांतून दाढी आलेली माणसं उतरली. पहिल्या सामन्यात आपल्यावर नऊ गोल झाले. दुसऱ्यात किती, ते मास्टर सांगेनात. गोलकीपर पोराचं बोट मोडलं. स्टेशनवर ती उतरली तेव्हा कोणी हार घेऊन गेलं नव्हतं. अब्बा एकटे गेले होते. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही खेळलात. ते लोक खेळले नाहीत." पोरांना काही कळलं नाही. त्यातला एक रडत म्हणाला, "उस्ताद, इद्रीस असता तर आपण जिंकलो असतो."

इद्रीस म्हणजे दुरबीबीचा नातू, आपल्या चहावाल्या जंगियानचा मुलगा. त्याचा खेळ बघायला हवास तू. अब्बा स्वतःच म्हणाले की उजव्या बाजूने पळताना चेंडू त्याच्या पायाला विचारूनच पुढे जातो. दाखल्यावर तेरा. आणि माझ्या अंगणात बसून, मटार सोलता सोलता दुरबीबीच मला बोलून गेली, की इद्रीस आणि नसीमाची हलीमा एका दुधाची. हलीमाचं लग्न गेल्या वर्षी झालं. मी अब्बांना सांगितलं. इद्रीसचं नाव कटलं.

आता दुरबीबी येत नाही. मी गेले तर दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. उंबऱ्यातच उभं करून म्हणाली, "माहगंज, दूध ही बायकांची गोष्ट होती. मी तुला घरात सांगितली, तू ती मैदानात नेलीस."

मी म्हटलं, "दुरबीबी, ते खोटं होतं ना पण."

"खोटं होतं तर होतं. तुझ्या हम्मलला मी याच छातीशी धरलाय. मी कधी त्याचं वय कोणाला सांगितलं?"

चाळीस वर्षांचा शेजार आहे. तेव्हापासून कुठल्याच घरात माझ्यापुढे कोणी मुलांविषयी बोलत नाही. मी आले की विषय बदलून भाजीवर जातात.

अब्बांचंही तसंच. दुकानासमोरून गेले तर जंगियान कप विसळत राहतो, मान वर करत नाही. एकदा त्यांनी स्वतःहून सलाम केला. तो म्हणाला, "वाजा, सगळा मुलूख खोटं वय घेऊन गेला, आपलीच पोरं तुम्ही खरी पाठवलीत. स्वतःचा पोरगा बुडाला तेव्हा तुम्हाला पोहायचे नियम आठवले." अब्बा घरी आले आणि हिरवा कोट घडी करून माझ्याकडे दिला.

मी त्यांना विचारलं, "पस्तावलात?"

म्हणाले, "मी त्यांच्यासाठी केलं नव्हतं. हम्मलला कुणीतरी सांगेल, म्हणून केलं. मस्कतला आपले एवढे लोक आहेत. सांगितलं असेल ना कुणी?"

मी हो म्हटलं. म्हणून आता मीच सांगते. तुझ्यासाठी केलं त्यांनी हे. तुझं नाव घेऊन केलं आणि त्यापायी सगळं गाव तोडून बसले.

अम्मा


२२ एप्रिल

हम्मल,

अब्बा आता बिछान्यावरच असतात. पोटात पाणी होतं, ते काढलं, पुन्हा भरलं. भात चालतो, मासळीचा वाससुद्धा चालत नाही. त्यांना, ज्यांनी ढाक्याला हिल्सा खायला मिळावी म्हणून एक मोसम वाढवून घेतला होता.

झोपेत पाय हलवतात. जागेपणी हल्ली खेळाबद्दल बोलत नाहीत. कोणी जुन्या सामन्याचा विषय काढला तर म्हणतात, "होतो मी तिथे," आणि भिंतीकडे वळतात. पण आता विषय काढायलाही कोणी येत नाही. फोन मात्र उशाशी ठेवायला लावलाय. तो वाजला की माझ्याआधी तेच बघतात. वाजतो तेव्हा बहुतेक चुकीचा नंबर असतो. परवा एकाने विचारलं, "बर्फाची फॅक्टरी का?" अब्बा त्याच्याशी पुष्कळ वेळ बोलले.

दुसरी गोष्ट मी तुला लिहिणार नव्हते. इद्रीस आता कोपऱ्यावर त्या गोळीबारवाल्या पोरांबरोबर उभा असतो. कमरेशी शर्ट फुगलेला. लाहोरला गेला असता तर कोणीतरी त्याला पाहिलं असतं, कुठल्या तरी क्लबने ठेवून घेतलं असतं, असं जंगियान सगळ्यांना सांगतो. खरं असेल, नसेलही. अब्बांनी खिडकीतून त्याला पाहिलं. बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "खिडकी लाव." तेव्हापासून ती बंदच आहे. घरात फार उकडतं.

पोरा, त्यांच्याकडे आता तुझ्याशिवाय काही उरलेलं नाही. त्यांना क्षमा कर असं मी म्हणत नाही. फोन उचल आणि 'अब्बा' एवढं म्हण. बाकीचं ते स्वतःच समजून घेतील.

अम्मा


१७ मे

प्रिय हम्मल,

तुझा फोन आला त्याला आज चार दिवस झाले. तू घाईत होतास, म्हणून तिथे माझं बोलणं राहिलं. ते लिहिते.

तुझा आवाज मी ओळखला नाही. फार जाड झालाय. तू "अम्मा" म्हणालास तेव्हा माझ्या तोंडून "कोण?" असं निघालं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अब्बांनी मात्र माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. ते उठून बसले. किती दिवसांत आधाराशिवाय उठले नव्हते. उशाची टोपी घेऊन त्यांनी डोक्यावर नीट बसवली, जसा काही तू त्यांना बघणार होतास. मग हात पुढे करून थांबले, मी फोन देईन म्हणून.

आणि तू म्हणालास, "थांब अम्मा, आधी तुझ्याशी काम आहे."

मी सगळं ऐकलं. तुझा बहराम चांगला खेळतो, तिथे त्याला कोणी घेणार नाही, इथे लाहोरची अकादमी बारा वर्षांच्या आतली मुलं घेते, बहराम तेराचा आहे. ल्यारीचा दाखला हवा, अकराचा, आणि त्यावर क्लबची आणि अब्बांची शिफारस. तू म्हणालास, "ते सिलेक्टर आहेत ना आता? गावभर कळलंय की त्यांच्या हातचं वय खरं मानतात. त्यांनी सही केली की कोणी विचारणार नाही."

मस्कतला बातमी पोचली होती तर. तिचं तू हे केलंस.

मी म्हटलं, "हम्मल, तुझ्या मनगटाचा फोटो काढून काय झालं होतं ते विसरलास?" तू म्हणालास, "आता तपासणी तेवढी कडक नसते, अम्मा. माझं त्यांनी नुकसान केलं, बहरामचं तरी भलं करू दे." मी म्हटलं, "अब्बांशी बोल ना. इथेच आहेत. हात पुढे करून बसलेत." तू म्हणालास, "आधी काम होऊ दे."

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

"तब्येत विचारत होता."

"कोणाची? माझी?"

"हो. डॉक्टर काय म्हणतो, विचारत होता."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "माहगंज, त्याचा पोरगा किती वर्षांचा झाला?"

"तेरा."

"किती करायचं म्हणतो?"

मला खोटं बोलताच येईना. म्हटलं, "अकरा."

"दोनच? मी तर तीन उतरवली होती." मग टोपी उशाशी ठेवत म्हणाले, "शहाणा निघाला."

मी सांगितलं की हे करायचं नाही. जी गोष्ट दुसऱ्यांना करू दिली नाही म्हणून आपल्याला गल्लीत तोंड दाखवता येईना, ती आता आपल्याच घरासाठी करायची? इद्रीसच्या आजीला मी काय सांगू? मग म्हणाले, "तू सगळं बरोबर बोलतेस. पण त्याने काहीतरी मागितलं माझ्याकडे. सोळा वर्षांनी मागितलं. उद्या गाढवगाडी बोलाव, मला रिक्षात बसता येत नाही."

गाडीवर गादी घातली आणि त्यांना क्लबवर नेलं. सगळी गल्ली बघत होती. मास्टर इलाहीबख्श खुर्ची घेऊन बाहेर आले. काम ऐकल्यावर आधी त्यांना खरं वाटेना, मग असे खुलले, घाम पुसायचंही विसरले. म्हणाले, "घ्या! आता कसे माणसांत आलात, वाजा." शिक्का काढला, जन्मदाखल्याची सोयही करतो म्हणाले. शिफारशीचा मजकूर मीच लिहावा असा त्यांचा आग्रह होता, माझं अक्षर मिशनरी शाळेचं म्हणून. मी लिहिला. वयाच्या जागी अकरा लिहिलं. अब्बांनी, लग्नानंतर मी शिकवलेली, सही केली, वेळ लागला, पण पूर्ण केली.

बाहेर माणसं जमली होती. ज्यांच्या पोरांची नावं कापली होती ते बापही होते. मला वाटलं, शिव्या देतील. कोणी शिवी दिली नाही. दोघंतिघं तर हसले, मोकळेपणाने, जुन्या ओळखीचं हसावं तसे. एकाने गाडीची गादी नीट केली. जंगियान स्वतः कप घेऊन आला, दोन-अडीच महिन्यांनी. तो हसत नव्हता. कप पुढे करून म्हणाला, "नातवासाठी जमलं का, वाजा?"

अब्बांना डॉक्टरने दुधाचा चहा बंद केलाय. मी काही बोलायच्या आत त्यांनी कप घेतला आणि जंगियानच्या डोळ्यांकडे बघत शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग म्हणाले, "जमलं."

त्या संध्याकाळपासून घरी माणसं येतात. फळं आणतात, जुने सामने काढतात. फक्त दुरबीबी येत नाही. अब्बा कोणाशी बोलत नाहीत. परवापासून त्यांची शुद्ध मधूनमधून जाते. शुद्धीवर आले की एकच विचारतात, कागद पोचला का.

तो उद्या मस्कतला परत निघालेल्या अब्दुल गनीबरोबर निघेल, हे पत्रही त्याच पाकिटात. दोन दिवसांत तुझ्या हातात पडेल. जन्मदाखला, शिफारस, क्लबचा शिक्का, सगळं आहे, तपासून घे. बहरामला पाठवायचं की नाही ते तू ठरव. मी आजी म्हणून काही सांगितलं तर तू ऐकणार नाहीस.

काम झालं आहे, हम्मल. आता फोन कर. त्यांना उत्तर देता येईल असं वाटत नाही. मी फोन त्यांच्या कानाशी धरीन. तू काहीही बोल. बोलायला काही नसेल, तर तिकडचं हवामान सांग.

तुझी
अम्मा